बिनपाण्याचं मशीन

"कागद धरा इथं," ओगले मॅडम म्हणाल्या.

मी एक कोरा कागद कटरशेजारच्या नळीपुढं धरला. नळी बॉलपेनच्या रिफिलएवढी बारीक. फुस्स करून हवा आली, कागद फडफडला, बाकी काही दिसलं नाही.

"ह्यात तेल हाय?"

"आता उजेडाकडं धरून बघा."

उजेडाकडं धरला तर मधोमध एक डाग होता. भजी बांधलेल्या कागदावर उमटतो तसा, पण अगदी लहान.

"एवढंच?"

"एवढंच लागतं. हवा तेलाचे बारीक कण थेट धारेवर नेऊन टाकते. पाणी अजिबात नाही."

मागं जमलेल्या पोरांत हशा पिकला. "अगं बया, आमच्या घरात फोडणीला ह्याच्यापेक्षा जास्त तेल जातंय," कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, "आता लोखंडाचीबी बिनपाण्यानं हजामत!" मॅडमनी मशीनच्या अंगाला बसवलेल्या त्या तेलाच्या डबीला पोरांनी तिथल्या तिथं 'गुलाबदाणी' असं नाव ठेवून टाकलं. हसले नाहीत ते फक्त दोघं. एक मी, आणि दुसरे शेजारच्या मशीनवरचे दस्तगीरचाचा.

मला हसू येणार तरी कुठून? ती डबी माझ्यासाठीच आली होती.

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत जिनेंद्र मगदूम यांचा कारखाना. तिथं मी मिलिंग मशीनवर होतो, ट्रॅक्टरला लागणारे पोलादी ठोकळे कापायला. पोलाद कापताना कटरला बसवलेली टिप भयंकर तापते. टिप म्हणजे कार्बाइडचा नखाएवढा तुकडा, खरं कापण्याचं काम तोच करतो. तो तापू नये म्हणून त्यावर धो धो पाणी सोडायचं, तेल मिसळलेलं, दुधासारखं पांढरं. आमची सगळी हयात त्या पाण्यात गेली. आणि त्याच पाण्यानं माझे हात खाल्ले. आधी बोटांच्या बेचक्यात खाज, मग पुरळ, मग तळव्यांना भेगा. चटणीला बोट लागलं की डोळ्यांतून पाणी यायचं. शेवटी शेवटी शालन, माझी बायको, पोरं झोपल्यावर मला भरवायची. कातडीच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, "पाणी सोडा, नाहीतर हात सोडा."

मशीन सोडून मला दुसरं काही येत नव्हतं. मालकांना ते माहीत होतं. त्यांनीच ही डबी बनवणाऱ्या कंपनीच्या ओगले मॅडमना पुण्याहून बोलावलं. पण मालक पडले धंद्याचे माणूस. सकाळीच मला बाजूला घेऊन म्हणाले, "आनंदा, आजचा दिवस बघायचं. टिपा टिकल्या तर डबी ठेवून घेतो. टिपा तुटाय लागल्या तर मॅडम डबी घेऊन जातील, आणि तुला मी गेटवर बसवतो. घरी न्हाई पाठवणार, पण मशीनवर न्हाई ठेवू शकत."

गेटवर म्हणजे येणाऱ्या गाड्यांना सलाम ठोकत बसायचं. दिवसभर आतल्या मशीनचा आवाज ऐकायचा आणि हात मांडीवर ठेवायचे. मी मान हलवली आणि मशीनचं आतलं टेबल फडक्यानं कोरडं करायला घेतलं.

पोरं आपापल्या कामाला गेली, मी मशीन चालू केलं आणि पहिली भीती आवाजाची वाटली. इतकी वर्षं कापण्याचा आवाज मी पाण्याखालून ऐकला होता, घशात अडकल्यासारखा. आता तो उघडा झाला. कटर ठोकळ्याला भिडला आणि असा कर्कश किंचाळला की मी मागं सरलो. दुसरी भीती दिसण्याची. दाराच्या काचेवर एरवी पांढरं पाणी ओघळत असायचं, आत काय चाललंय ते कधी दिसायचंच नाही. आता काच लखलखीत होती. आतून निळ्या-जांभळ्या झालेल्या चिप्स, म्हणजे कापताना निघणाऱ्या पोलादाच्या कपच्या, उडून काचेवर ताडताड आपटत होत्या. मध्येच एखादी लाल ठिणगी. वरून तेलात तळल्यासारखा वास.

"उष्णता चिप्सबरोबर निघून जातेय," मॅडम म्हणाल्या. "निळा रंग दिसतोय ना, तीच बाहेर जाणारी उष्णता. घाबरू नका."

"न्हाई घाबरत," मी म्हणालो आणि घाम पुसला.

चाचा त्यांच्या मशीनशी उभे होते. पण नजर माझ्या काचेवर. त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. मला वाटलं, आपल्यासाठी दुवा मागताहेत.

दस्तगीर मुल्लाणी हे माझे गुरू. मी आयटीआयचा कागद घेऊन आलो तेव्हा मला मायक्रोमीटर धरायचीही अक्कल नव्हती. चाचांनी शिकवलं, शिव्या घालून शिकवलं, आणि ईदला घरी नेऊन शीरखुर्मा पाजला. वयामुळं मशीन आता नावापुरतं, खरं काम कारखान्यातलं पांढरं पाणी कालवणं आणि टाकी साफ ठेवणं. मशीन कुणाचंही असो, पाण्यावर हुकूम चाचांचा. कुणाचा पंप जरा कुरकुरला की चाचा हातातलं काम टाकून धावायचे.

पहिला ठोकळा छान उतरला. दुसरा लावला, मशीन सुरू केलं, आणि मॅडमना घेऊन पहिला मोजायला मापाच्या टेबलाकडं गेलो. टेबल भिंतीशी, कपाटाच्या पलीकडं. माप बरोबर आलं. जीव जरा भांड्यात पडतोय तोवर मागून आवाज आला, टक्क! आणि पाठोपाठ घरघर.

धावत येऊन लाल बटण दाबलं. टिप तुटली होती. ठोकळ्यावर खोल ओरखडा.

मॅडमनी नळीपुढं कागद धरला. डाग आला. हवेचा दाब बघितला, ठीक होता. "एखादी टिप खराब असते," त्या म्हणाल्या. नवी बसवली. मी ठोकळा बदलला आणि या वेळी काचेला नाक लावून उभा राहिलो. काही झालं नाही. चांगला उतरला. पुढचा लावून पुन्हा दोघं मोजायला गेलो.

टक्क!

धावत येऊन पुन्हा लाल बटण दाबलं. ऑफिसच्या दारात मालक आले होते. नुसते बघून आत गेले. ते आत गेले ते गेटच्या खोलीची किल्ली शोधायला, असंच मला वाटलं. भ्यालेल्या माणसाला काय वाटेल याचा नेम नसतो.

तुटकी टिप काढायला आत वाकलो आणि थबकलो. मशीनचं आतलं टेबल सकाळी मी स्वतः फडक्यानं कोरडं केलं होतं. त्याच्या कडेला आता एक पांढरा थेंब होता. बोटानं टिपला. भेगेत झोंबला. ही झोंबणूक मला झोपेतसुद्धा ओळखता आली असती.

मॅडम तुटकी टिप घेऊन भिंग आणायला ऑफिसात गेल्या, त्यांना मी काही बोललो नाही. नवी टिप बसवली, ठोकळा लावला, मशीन सुरू केलं आणि मोजायला निघालो. पण टेबलापर्यंत गेलो नाही. कपाटाआड थांबलो आणि फटीतून बघत राहिलो.

चाचा आपल्या मशीनवरून हलले. इकडं तिकडं पाहिलं. हातात झाकणाला भोक पाडलेली पाण्याची बाटली होती. दार उघडलं की मशीन आपोआप बंद पाडणारं कुलूप असतं, ते आमच्याकडं सगळ्यांनी केव्हाच काढून टाकलेलं. चाचांनी दार वीतभर सरकवलं, हात आत घातला आणि फिरत्या कटरवर पांढरी पिचकारी मारली. चर्र झालं. वाफ आली. दार लावून ते जागेवर गेले. आणि थोड्या वेळानं, टक्क.

कुणी परक्यानं केलं असतं तर मी धावून गेलो असतो. चाचांच्या बाबतीत काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

मशीन बंद करून मी त्यांना नळाजवळ गाठलं.

"चाचा, मी बघितलं."

त्यांनी तोंडावर पाणी मारलं. "काय बघितलंस?"

"पाणी का मारताय? टिप तुटतीया त्यानं."

"तुटू दे की. टिपच हाय."

"माझं काम जाईल, चाचा! हे बघा हात!" मी दोन्ही तळवे त्यांच्यापुढं धरले. भेगा उललेल्या होत्या.

त्यांनी तळव्यांकडं पाहिलं आणि झटकन नजर वळवली. "गेटवर बस. गेटवर मानूस मरत न्हाई," एवढंच म्हणाले आणि चालू लागले.

मी तिथंच उभा राहिलो. मग डोक्यात तो विचार आला, आणि त्याची मला चाचांपेक्षा जास्त भीती वाटली. सगळी मशीनं बिनपाण्याची झाली तर पाणी कालवायला माणूस कशाला हवा? टाकी कशाला, चाचा कशाला? माझे हात वाचले तर त्यांचं जाणार होतं. म्हणजे ज्यानं हाताला धरून शिकवलं, तोच माझ्या पोटावर पाय देत होता. असं मला वाटलं, आणि ते पटतही होतं.

परत आलो तर मशीनपाशी मालक आणि मॅडम उभे. मॅडमच्या हातात तुटलेल्या टिपा आणि भिंग.

"आनंदराव, इकडं या." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "धारेवर काय दिसतंय?"

धारेला काटकोनात बारीक चिरा होत्या. ओळीनं, कंगव्याचे दात असतात तशा.

"कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाणी उडालं की ती कशी तडकते? तसं झालंय हे. टिप गरम राहिली तर टिकते. एकदम गार केली की तडकते. या टिपेवर कुणीतरी पाणी टाकलंय."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. "मशीनवर कोन हुतं?"

"मीच हुतो, मालक."

"दुसरं कोन आलं हुतं?"

मी वर पाहिलं नाही. तरीही चाचा कुठं उभे आहेत ते मला कळत होतं. बोललो असतो तर चाचा संध्याकाळी डबा घेऊन कायमचे घरी गेले असते. नाही बोललो तर मी गेटवर. चाचांनी एक पाऊल पुढं यावं, एवढीच वाट मी बघत होतो. ते आले नाहीत.

"मला म्हाईत न्हाई," मी म्हणालो.

"आनंदा, तुझ्यासाठी ही बाई पुण्यासनं आली," मालकांचा आवाज चढला. "आन् तूच पाणी मारतोस? जुनी सवय जात न्हाई व्हय रं? का ह्या मशीनला भ्यालास?"

"भ्यालोय," मी म्हणालो. ते खरंच होतं. "पण पाणी म्या न्हाई मारलं."

"मग भुतानं मारलं?"

कारखान्यातली पोरं एकेक करून जमली.

मॅडम मध्ये पडल्या. "मगदूमसाहेब, एक ठोकळा आपल्या सगळ्यांसमोर काढू. मी स्वतः टिप बसवते. तुम्ही इथंच थांबा."

मालकांनी घड्याळ बघितलं. "हा शेवटचा. टिप तुटली तर डबी काढायची आणि आनंदा, तू उद्या सकाळी गेटवर."

मी ठोकळा बसवला. बोल्ट आवळताना पाना दोनदा घसरला. दार लावलं. हिरवं बटण दाबलं.

कटर किंचाळला. आता तो आवाज माझ्या दातांत शिरत होता. निळ्या चिप्स काचेवर आदळू लागल्या. मी काचेसमोर उभा, डाव्या हाताला मालक, उजवीकडं मॅडम, मागं पोरांचा घोळका. ठोकळ्याचा पहिला थर निघाला. दुसरा निघाला. शेवटचा थर सर्वांत खोल होता. कटर त्यात उतरला तशी ठिणग्यांची रांग उडाली आणि कोपऱ्यात साठलेल्या चिप्सच्या ढिगातून धुराचं एक वेटोळं वर आलं.

"तेलाचा अंश जळतोय, काही नाही," मॅडम म्हणाल्या.

आणि मागून ओरडणं ऐकू आलं. मी तसं ओरडणं आधी कधी ऐकलं नव्हतं, पुढंही नाही.

"सिकंदर! माघारी हो! सिकंदर, सर माघारी!"

पोरांना ढकलत चाचा येत होते. हातात ती बाटली. डोळे माझ्यावर होते, पण ते मला बघत नव्हते. आमच्यात सिकंदर नावाचं कुणी नव्हतं. त्यांनी एका हातानं मला बखोटीला धरून बाजूला ओढलं आणि त्याच हातानं दाराला झटका दिला. दार उघडलं. गरम चिप्स बाहेर उडाल्या, एक माझ्या मानेला चटकली. चाचांचा बाटलीचा हात आत जात होता, फिरत्या कटरकडं.

त्या क्षणी मला टिप आठवली नाही, गेट आठवलं नाही. तो हात कटरमध्ये जाईल एवढंच दिसलं. मी चाचांना कमरेतून मिठी मारली आणि सगळा जोर लावून मागं खेचलं. मालकांनी दार ओढून लावलं. बाटली आमच्या दोघांच्या मध्ये दाबली गेली आणि सगळं पांढरं पाणी माझ्या शर्टावर, हातांवर सांडलं. भेगांत आग आग झाली. तरी मी सोडलं नाही. म्हातारा माणूस, पण अंगात वारं भरल्यासारखा झुंजत होता. "जळंल त्यो! पंप बंद हाय! आरं पानी सोडा कुनीतरी!"

कटर ठोकळ्याच्या शेवटाला पोचला, वर उचलला गेला आणि फिरायचा थांबला. मशीन शांत झालं. चाचांचा जोर एकदम गेला आणि ते माझ्या हातांतून खाली फरशीवर बसले.

मालकांनी जमिनीवरची चेपलेली बाटली उचलली. "दस्तगीर, तू?" त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "का रं? आनंदाचं वाईट कशाला चिंतलंस?"

"वाईट न्हाई, मालक." चाचा फरशीकडं बघत होते. "दुसऱ्यांदा बघवंना मला."

"काय बघवंना?"

"माझा धाकटा भाऊ. सिकंदर. तुमच्याकडं याच्या आधी आमी दोघं एका कारखान्यात हुतो. तिथं मशीनवर निव्वळ तेल सोडायचे. पंप बंद पडला. सिकंदर काय झालं म्हून आत वाकला, आन् धार लालबुंद झाली, आन् तेलानं पेट घेतला." त्यांनी हातानं नुसतं वर दाखवलं. "एवढा जाळ. मी शेजारच्या मशीनवर. धावलो. पन मला उशीर झाला."

लांबच्या मशीनवर कुणीतरी पंप बंद करायचा विसरला होता, त्याचं पाणी पडल्याचा आवाज येत होता.

"ह्या पोराला म्या शिकवलं," चाचा म्हणाले. "त्येच्या काचेत जाळ दिसाय लागला सकाळपासनं. मला वाटलं, टिपा तुटल्या तर ही डबी काढत्याल. गेटवर जाईल, पर जित्ता ऱ्हाईल."

मी मघापासून त्यांच्याबद्दल काय काय मनात आणलं होतं ते सगळं तोंडावर आलं असणार, कारण मला त्यांच्याकडं बघवेना. मॅडमनी कटरवरची टिप सोडवली, पदराला पुसली आणि भिंगाखाली धरली. मग ती मालकांपुढं केली. मालकांनी डोळा लावला. धार अखंड होती. एकही चीर नव्हती.

"डबी राहू दे इथंच," मालक म्हणाले. मग बाटलीकडं बघून, "आन् दस्तगीरला कुणी काय विचारायचं न्हाई."

माझे हात वाचले होते. काम वाचलं होतं. आनंदानं ओरडायला हवं होतं, पण मी मशीनकडं वळलो.

मी दार उघडलं, बोल्ट सोडले आणि ठोकळा उचलला. उघड्या हातांनी. आणून चाचांच्या समोर फरशीवर ठेवला आणि शेजारी बसलो.

"चाचा, हात लावा."

त्यांनी दोन्ही हात मागं नेले.

"लावा. म्या उचलून आनला न्हवं?"

"नको रं."

"एक बोट लावा."

बऱ्याच वेळानं त्यांनी एक बोट पुढं केलं. टेकवलं आणि लगेच काढलं. पुन्हा टेकवलं. मग सगळा तळवा ठेवला. नुकत्याच कापलेल्या, चकचकीत पोलादावर त्यांचा तो काळा, जाड तळवा.

"कोमट हाय की रं," ते म्हणाले.

"व्हय. कोमटच हाय."

त्यांचा चेहरा हळूहळू वाकडा झाला. "माझा सिकंदर लई गरम हुता, आनंदा," ते म्हणाले. "हात लावता आला न्हाई मला."

आणि ते रडू लागले. ठोकळा पार गार होईपर्यंत चाचांनी त्याच्यावरचा हात काढला नाही. आम्हीही कुणी त्यांना काढा म्हणालो नाही.